कान वाजतात म्हणे!

तो कागद मी टाइप केला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणावर तोंडसुख घेतलं तर 'तू स्वतः काय केलंस?' असं विचारायला कोणी नको.

पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसून मला अकरा वर्षं झाली. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, पाणी आहे पण शेजाऱ्याला जास्त येतं, असल्या सगळ्या गोष्टी आधी माझ्या कानावर आदळतात. आमच्या खात्यात कानाचा खरा माणूस मात्र एकच. जमिनीखालची गळती शोधणारा. पगारपत्रकावर त्याचं नाव काहीतरी वेगळं होतं, पण सगळे त्याला कानसेन म्हणत. इतकं की त्याची बायकोसुद्धा ऑफिसला फोन केला की विचारायची, "कानसेन जागेवर आहेत का?"

त्याच्याकडे छातीइतकी उंच लोखंडी सळई होती. सळईच्या वरच्या टोकाला वाटीएवढी लाकडी टोपी. पहाटे, नळ सुटायच्या आणि रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आधी तो बाहेर पडायचा. सळईचं खालचं टोक रस्त्याला टेकवायचं, वरच्या टोपीला कान लावायचा, दुसऱ्या कानात बोट घालायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. बारीक भोक असेल तर पाणी दातांतून हवा सोडल्यासारखं वाजतं, सांधा सुटला असेल तर फरफरतं, व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल तर कण्हतं. हे त्यानेच मला सांगितलं. मग तो खडूने रस्त्यावर फुली मारायचा आणि म्हणायचा, "इथे. दोन हात खाली." माणसं खणायची आणि तिथेच, दोन हात खाली, पाणी सापडायचं. एकोणतीस वर्षांत तो दोनदा चुकला. त्या दोन्ही चुका तो स्वतःच तारखेसकट सांगायचा, कारण दुसऱ्या कोणी सांगितलेल्या त्याला खपत नसत.

राग नाकाच्या शेंड्यावर. तो ऐकत असताना कोणी बोललं की सळई उचलून चालायला लागायचा. एकदा नव्या टाकीच्या उद्घाटनाला आलेल्या बड्या पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं, तेव्हा हा पठ्ठ्या टाकीच्या पाइपला कान लावून उभा होता. मान न वळवता म्हणाला, "जरा गप्प बसा, इथे गळतंय." आणि गळत होतं.

मग नवे इंजिनीअर साहेब आले. वय बत्तीस-तेहतीस, हुशार, कामाला वाघ. त्यांनी गळती शोधायचं यंत्र आणवलं. दोन चकत्या जमिनीवर ठेवायच्या, हेडफोन घालायचा, पडद्यावर रेषा उड्या मारतात. साहेब वाईट माणूस नव्हता असं ऑफिसात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

गावाच्या कडेच्या नव्या वसाहतीतून एक फोन यायला लागला. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. फोनवरसुद्धा वर्गात उभं केल्यासारखं बोलायच्या.

"तुमची लाइन घुमते आहे. माझ्या घरामागे रिकामी जागा आहे, तिथल्या जमिनीतून आवाज येतो. लांबून मोटारसायकल गेल्यासारखा. रोज पहाटे, आणि परत उन्हं उतरल्यावर. लिहून घेतलंत?"

लिहून घेतलं. त्या रिकाम्या जागेखालून मोठी लाइन जाते, ती फुटली तर अर्ध्या गावाचं पाणी जाईल. साहेबांनी तक्रार मनावर घेतली, यात त्यांचं काही चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते यंत्र घेऊन निघाले. कानसेनला बरोबर घेतलं आणि नोंदी करायला मला.

सूर्य नुकताच वर आला होता. गुडघाभर वाळकं गवत, मध्ये मध्ये विटांचे तुकडे, कडेला मुख्याध्यापिकाबाईंचं कुंपण. आम्ही उभे राहिलो आणि थोड्याच वेळात तो आवाज आला. डर्र्र्र. आधी इतका हलका की भास वाटावा, मग भरत जाणारा, घट्ट होणारा, माणूस एका दमात जितकं गुणगुणेल तितका लांब. मग एकदम बंद. नंतर सावकाश, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसे तीन-चार हुंकार. कुठून येतोय ते कळेना. मला वाटे डावीकडून, साहेबांना वाटे पायाखालून.

कानसेनने सळई टेकवली. ऐकलं. दहा पावलं पुढे जाऊन परत ऐकलं. मग आणखी एका ठिकाणी. तिसऱ्यांदा कान बाजूला करून तो नुसताच उभा राहिला, मान किंचित कलती.

"पाणी नाही," तो म्हणाला.

"मग?" साहेबांनी विचारलं.

"जिवंत आहे. पक्षी असणार."

खणायला आलेली माणसं हसली. साहेबही हसले. "कोणता पक्षी?"

"माहीत नाही. आजपर्यंत ऐकलेला नाही."

"ऐकलेलाच नाही, तर पक्षी कशावरून?"

"मध्ये दम खातो म्हणून. पाइप दम खात नाही. आणि सळईला कान लावला की आवाज नाही, कान मोकळा केला की आहे. जमिनीत काही असतं तर उलटं झालं असतं. जे काही आहे ते वर आहे, गवतात."

"सळईत काही ऐकू येत नाही, आणि गवतात पक्षी ऐकू येतो," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काका, कान वाजायला लागले तुमचे."

परत हशा. कानसेनचे कान लाल झाले. तो सळई उचलून बाजूला झाला. मला वाटलं, बरं झालं, तमाशा टळला. इतकी मूर्ख मी.

साहेबांच्या यंत्राने एक जागा दाखवली. खणलं. खाली लाइन होती, वरून कोरडी ठणठणीत. यंत्राने दुसरी जागा दाखवली. कानसेन म्हणाला, "इथे जोड आहे, जपून." कोणी ऐकलं नाही. खोदायच्या यंत्राचा दात जोडावर बसला आणि पाण्याचा खांब दोन माणसं उंच उडाला. पाच मिनिटांपूर्वी ठीक असलेली लाइन आम्ही स्वतः फोडली. अर्ध्या गावाला अडीच दिवस पाणी नव्हतं. त्या अडीच दिवसांत माझ्या टेबलावर जे फोन आले, त्यातले शब्द मी घरी सांगू शकत नाही.

वरून विचारणा झाली. साहेबांनी अहवाल तोंडी सांगितला आणि मी टाइप केला. त्यात एक वाक्य होतं: 'गळतीशोधकाने जुन्या पद्धतीच्या आधारे दिलेल्या चुकीच्या संकेतामुळे खोदाईची जागा चुकली.' माझी बोटं त्या वाक्यावर थांबली. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि पुढे टाइप केलं.

त्याच आठवड्यात कानसेनला पत्र मिळालं. कानांची तपासणी करून घ्यावी. निकाल येईपर्यंत सळई जमा करून स्टोअरमध्ये काम करावं.

तो थेट माझ्या टेबलाशी आला. पत्र आणि अहवालाची प्रत दोन्ही हातात. प्रत त्याला कोणी दिली ते मला अजून माहीत नाही.

"हे तू टाइप केलंस?"

"काका, साहेबांनी सांगितलं ते..."

"मी काय विचारलं?"

"हो. मी केलं."

"त्या दिवशी तू तिथे होतीस?"

"होते."

"मी काय म्हणालो होतो?"

"पाणी नाही म्हणालात. जोड आहे, जपून, असंही म्हणालात."

"म्हणजे तुझे कान ठीक आहेत," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण सगळं ऑफिस लिहायचं थांबलं होतं. "मग तपासणी कोणाची करायची, सांग. माझ्या कानांची की तुझ्या तोंडाची?"

मला रडू आलं. त्याने त्याची अजिबात पर्वा केली नाही, आणि ते बरोबरच होतं.

कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी लिहिलं, अगदी वरचे बारीक स्वर थोडे कमी, बाकी ऐकणं उत्तम, खालचे स्वर तर वयाच्या मानाने असाधारण. साहेबांनी 'थोडे कमी' एवढ्याच शब्दांखाली रेघ मारली. एकोणतीस वर्षं शहराच्या पोटात काय चाललंय ते सांगणारा माणूस स्टोअरमध्ये बसून वॉशर मोजायला लागला. त्याची बायको मला फोनवर म्हणाली, "ताई, घरात बोलतच नाहीत. भांडले तरी चाललं असतं. पहाटे उठून कुठे जातात देव जाणे." कुठे जातो ते मला माहीत होतं. मुख्याध्यापिकाबाई रोज फोन करून सांगत होत्या, "तुमचा एक मनुष्य माझ्या घरामागे बसलेला असतो. काम करत नाही. नुसता बसतो."

तो नुसता बसत नव्हता. स्टोअरच्या कोऱ्या पावत्यांच्या मागे तो लिहीत होता. आवाज किती वेळ टिकतो, किती हुंकार येतात, पाऊलवाटेवर ये-जा सुरू झाली की थांबतो का, वारा असला तर काय. पक्षी मात्र एकदाही दिसला नव्हता.

तो पावत्यांचा गठ्ठा घेऊन तो आधी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी विचारलं, "फोटो आहे? नाही? पिसाचा रंग? तोही नाही? मग काका, मी काय सांगू?" शेजारच्या एकाने मोबाइलवर आवाज ओळखणारं काहीतरी लावून दिलं. मोबाइलने उत्तर दिलं: वाहन. हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना 'वाहन' हा शब्द एखादी शिवी द्यावी तसा उच्चारला.

मग एका दुपारी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. महिन्याभरात पहिल्यांदा.

"उद्या अर्धी रजा टाक. माझ्याबरोबर यायचंय."

"कुठे?"

"संग्रहालयात. तिथे पक्ष्यांच्या आवाजांच्या जुन्या टेपा आहेत म्हणे. तू यायचं, काय घडतं ते डोळ्यांनी बघायचं, आणि या वेळी जे घडलं तेच टाइप करायचं."

मी रजा टाकली. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं होती आणि डांबरगोळ्यांचा वास. तिथे काम करणारे गृहस्थ सत्तरीचे असतील, निवृत्त होऊनही येत होते. त्यांनी ना फोटो मागितला ना पिसाचा रंग.

"आवाज काढून दाखवा," ते म्हणाले.

कानसेन गडबडला. त्याने आयुष्यभर आवाज ऐकले होते, काढला कधीच नव्हता. "मला येणार नाही," तो चिडून म्हणाला.

"आला नाही तरी काढा. चुकलात तर मी हसणार नाही."

बहुतेक त्या शेवटच्या तीन शब्दांनी काम केलं. कानसेनने ओठ मिटले, तळहात छातीवर ठेवला आणि घशातून तो घरघरता सूर काढला. हळू, मग मोठा, मग एकदम तोडला. नंतर चार हुंकार. पन्नाशी उलटलेला तापट माणूस पेंढ्याच्या पक्ष्यांसमोर डोळे मिटून घुमत होता, आणि मला हसू आलं नाही.

"सुरू होताना ठोके वेगळे ऐकू येतात? की सलग?"

"आधी वेगळे. मग एकमेकांत मिसळतात."

"जागा कळते?"

"नाही. डोकं वळवून घुमत असणार. दर वेळी दिशा फिरते."

गृहस्थांनी कपाटातून पाच टेपा काढल्या. पहिली लावली. "नाही." दुसरी. "नाही, हा बेडूक आहे." गृहस्थ हसले, बेडूकच होता, त्यांनी मुद्दाम लावला होता. कानसेनला त्याचाही राग आला. तिसरी ऐकून तो थोडा थांबला आणि म्हणाला, "याचा भाऊबंद असेल, पण हा नाही." चौथी टेप सुरू झाली, खरखर झाली, आणि त्या खरखरीतून तो सूर वर आला. कानसेन खुर्चीतून उठून उभा राहिला.

"हाच!"

"दुर्लाव," गृहस्थ म्हणाले. "लाव्यासारखा दिसतो, पण लावा नाही. मूठभर जीव. गवतात राहतो, सहसा उडत नाही, दिसत तर नाहीच. तुमच्या भागात त्याची नोंद नाही. आणि तो नाही, ती. यांच्यात मादी घुमते. नर अंड्यांवर बसतो."

"मादी?" कानसेन म्हणाला. महिनाभर तो सगळीकडे 'तो' असं लिहीत होता. त्याने खिशातून पावत्या काढल्या आणि तिथेच उभं राहून प्रत्येक पावतीवर 'तो'चं 'ती' करायला लागला. गृहस्थ बघत राहिले. "तुमचे कान कशाने तयार झाले हो?" त्यांनी विचारलं.

"पाण्याने," तो म्हणाला.

गृहस्थांनी माझ्या मोबाइलवर आवाजाची प्रत करून दिली आणि हा आवाज दुर्लावाचाच, असा सही-शिक्क्याचा कागदही. तो कागद घेऊन आम्ही दुसऱ्या सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो तर केबिन रिकामी. मुख्याध्यापिकाबाईंची तक्रार थांबलेली नव्हती, त्यामुळे साहेब तिसऱ्यांदा खोदायला गेले होते. या वेळी सगळी जागाच साफ करून घ्यायची होती.

कानसेन मला म्हणाला, तुझी स्कूटर काढ. पोचलो तेव्हा खोदायच्या यंत्राने एका कडेचं गवत खरवडून ढीग केला होता. कानसेन सरळ चालत गेला आणि यंत्राच्या पुढे उभा राहिला.

"बाजूला व्हा काका," साहेब ओरडले. "पुन्हा पक्षीपुराण नको."

"पाच मिनिटं द्या. यंत्र बंद करा."

"कशासाठी?"

"तुम्ही माझ्या नावावर खोटं लिहिलंय म्हणून!" तो इतक्या जोरात ओरडला की कुंपणापलीकडे मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या. "लाइन तुम्ही फोडलीत. मी नको म्हणत होतो. जोड आहे म्हणत होतो. एकोणतीस वर्षं मी या गावाचं पाणी ऐकलंय, आणि तुम्ही एका ओळीत मला बहिरा केलंत. पाच मिनिटं! त्यानंतर मला खुशाल गाडा याच खड्ड्यात."

यंत्र चालवणाऱ्या माणसाने साहेबांकडे न बघताच किल्ली फिरवली. यंत्र बंद झालं.

कानसेनने माझा मोबाइल गवताच्या कडेला विटेवर ठेवला आणि आवाज लावला. डर्र्र्र. थांबला. पुन्हा लावला. सगळे उभे. दुसऱ्या खेपेला समोरच्या गवतातून उत्तर आलं, अगदी जवळून, चिडलेलं. मग गवत हललं आणि ती बाहेर आली. तपकिरी, मुठीएवढी, छातीवर काळ्या आडव्या रेषा, गळा काळा. दोन पावलं टाकायची, थांबायची, परत दोन पावलं. मोबाइलपासून हातभर अंतरावर ती थांबली, अंग फुगवलं, मान खाली घातली आणि आम्हा सगळ्यांच्या देखत घुमली. त्या मोटारसायकलीची मालकीण एवढीशी होती.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अगं बाई!" मग लगेच सावरून म्हणाल्या, "पण मग हिला इथून हलवणार कोण?"

कानसेनने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पुन्हा कधी आमच्या ऑफिसला फोन केला नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "काम थांबवा." आणि गाडीत जाऊन बसले. एवढंच.

सळई परत मिळाली. अहवालातली ओळ मात्र बदलली नाही. वर गेलेला अहवाल दुरुस्त करता येत नाही असं साहेबांनी सांगितलं, त्याऐवजी कौतुकाचं पत्र देतो म्हणाले. कानसेनने ते पत्र पाकीट न उघडता माझ्या टेबलावर टाकलं. "मला कौतुक नको. पक्ष्याशी मला काय करायचंय? माझ्या कानांबद्दल जे खोटं लिहिलंय ते खोडा."

त्या दिवशी दुपारी मी कोणालाही न विचारता पुरवणी टिपण टाइप केलं. कोण काय म्हणालं, जोडाबद्दल कोणी सावध केलं, कोणी ऐकलं नाही, वाक्य मी कोणाच्या सांगण्यावरून टाइप केलं, सगळं. संग्रहालयाचा कागद जोडला, खाली माझी सही केली आणि फाइलला लावून वर पाठवलं. मला मेमो आला. पगारवाढ एक वर्ष थांबली. कानसेनने टिपणाची प्रत वाचली आणि म्हणाला, "आवाज पहाटे आणि संध्याकाळी येतो. तू नुसतं पहाटे लिहिलंयस." मला परत टाइप करावं लागलं. थँक्यू वगैरे काही नाही. पुढचे सहा महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटून झाल्यावर ते माझ्या टेबलाशी थांबले आणि विचारलं, "काका कुठे आहेत?" मी म्हटलं, मागच्या आवारात. ते गेले. दहा मिनिटांनी कानसेन आत आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसला.

"काय म्हणत होते साहेब?"

"माफी मागत होता."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फाइलमध्ये लिही."

मी खिडकीतून बघितलं. साहेब आवारात उभे होते, हातात पेन नव्हतं, कागद नव्हता. ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं आणि ते बसून निघून गेले.